साडेसातच्या मालिकेची शोकसभा

साडेसातची मालिका बिघडली आहे, हे सगळ्यांच्या आधी आपल्याच लक्षात आलं असा नोंदसाहेबांचा दावा होता. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की मालिका होती तशीच आहे, बिघडलंय ते दुसरंच काहीतरी. एवढ्याशा मतभेदापायी पुढे सगळी इमारत कामाला लागली, एका निरुपद्रवी दातांच्या डॉक्टरला फुलं आणावी लागली, आणि खुद्द नोंदसाहेबांना भर सभेत जे ऐकून घ्यावं लागलं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

नोंदसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे, पण आता दुसऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत. एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. आलेला कागद नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि योग्य शीर्षकाच्या फायलीत लावायचा, हे त्यांचं काम. कधी कधी एखादा कागद कुठल्याच शीर्षकात बसत नाही. नवशिके कारकून तिथे गोंधळतात. नोंदसाहेबांचा नियम ठरलेला होता: कागद बेवारस ठेवायचा नाही, जवळात जवळचं शीर्षक बघायचं आणि तिथे त्याला बसवायचं. कचेरीत साप निघाल्याची तक्रार त्यांनी ‘अभ्यागत’ या फायलीत लावली होती आणि वरिष्ठांना ती वेळेवर सापडलीही होती.

चार महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि संध्याकाळी साडेसातला बायकोशेजारच्या खुर्चीत बसून मालिका बघू लागले. त्याआधी त्यांना घरी यायलाच साडेआठ वाजायचे, त्यामुळे सहा वर्षांची मालिका त्यांनी जेवता जेवता बायकोच्या तोंडूनच ऐकलेली. पण म्हणून आपला अधिकार कमी होतो असं त्यांना वाटत नसे. नोकरीतसुद्धा त्यांनी एकही पूल, रस्ता किंवा विहीर डोळ्यांनी पाहिली नव्हती. सगळं कागदावरूनच कळत होतं आणि कुठे काही अडलं नव्हतं.

आता मात्र प्रत्यक्ष बघायला लागल्यावर त्यांचा जीव रमेना. थोरली, म्हणजे त्या मालिकेतल्या घराची मोठी सून, जिच्या काळजीने त्यांनी वर्षानुवर्षं घास हातात धरून ठेवला होता, ती दाराआड उभी राहून नुसती ऐकायची. कुणी एक वाक्य बोललं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे. नोंदसाहेब हे निमूटपणे सहन करणाऱ्यांतले नव्हेत.

“अगं, हा मागच्या मंगळवारी मेला ना?”

“तो त्याचा जुळा भाऊ आहे.”

“जुळा होता तर सहा वर्षं कुठे होता?”

“अहो, बघू द्या जरा.”

“बघतोच आहे. तीन मिनिटं झाली, ती बाई दारात उभी आहे. हिला आत घ्या म्हणावं कुणीतरी.”

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी बायकोने चष्मा घेतला, विणकामाची पिशवी घेतली आणि ती खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींकडे मालिका बघायला निघून गेली. नोंदसाहेबांना वाटलं, एका दिवसाचा राग आहे, उद्या येईल. ती दुसऱ्या दिवशीही गेली. बरं, ती भांडली असती, आदळआपट केली असती, तर साहेबांकडे उत्तरं तयार होती. पण ती साडेसातला जायची, आठला यायची, ताटं वाढायची आणि गप्प जेवायची. सहा वर्षं ज्या माणसाने जेवताना बायकोच्या बोलण्यात पाणी मागायलाही मध्ये जागा शोधली होती, त्याला आता स्वतःचं चावणं ऐकू येऊ लागलं. शेजारची रिकामी खुर्ची त्यांना बघवेना आणि तसं सांगायला जीभ वळेना.

मग त्यांनी शांत डोक्याने विचार केला, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांनी असं ठरवलं की मालिकेचा ऱ्हास झालेला आहे हे पुराव्यानिशी सिद्ध झालं, की ही आपोआप वर येईल. बायको पुराव्याने परत येते असं जगात आजवर कुठे घडल्याचं ऐकिवात नाही. पण नोंदसाहेबांनी त्याच दुपारी फाईल उघडली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘साडेसातची मालिका: ऱ्हासाबाबत’.

पहिली पायरी म्हणजे संबंधितांना कळवणं. टीव्हीच्या पडद्यावर खाली मदतीचा नंबर येत असे, तो त्यांनी लावला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई म्हणाली, चित्र दिसत नसल्यास एक दाबा, आवाज येत नसल्यास दोन दाबा, दोन्ही नसल्यास तीन दाबा. गोष्ट पुढे जात नसल्यास काय दाबायचं ते बाईने सांगितलं नाही. नोंदसाहेबांनी तिला दोनदा विचारून पाहिलं, पण ती परत चित्रापासून सुरुवात करायची. शेवटी जवळात जवळचं शीर्षक म्हणून त्यांनी तीन दाबलं.

दुसऱ्या दिवशी खांद्याला पिशवी लावून टीव्ही दुरुस्त करणारा हजर झाला.

“काका, चित्र तर दिसतंय.”

“दिसतंय. पण त्यात काही घडत नाही.”

“आवाजही येतोय.”

“येतोय. पण तेच तेच.”

दुरुस्तीवाल्याने थोडा वेळ साहेबांकडे आणि थोडा वेळ टीव्हीकडे बघितलं. मग तो म्हणाला, “हे बघा, तक्रार आलीय म्हणजे काहीतरी बदलल्याशिवाय मला ती बंद करता येत नाही.” हे वाक्य नोंदसाहेबांना मनापासून पटलं. चौतीस वर्षांत इतकं जबाबदार बोलणं त्यांनी क्वचितच ऐकलं होतं. दुरुस्तीवाल्याने चांगली असलेली वायर काढून दुसरी बसवली, सही घेतली आणि तो गेला. त्यानंतर दोन दिवस टीव्हीवर फक्त हवामान दिसत होतं. साहेबांनी दोन दिवस हवामान पाहिलं आणि त्याबद्दलही मोठ्याने मत दिलं, कारण सवय जात नाही.

आता जनमत घेणं भाग होतं. नोंदसाहेबांनी चार रकान्यांचा एक तक्ता आखला. त्यातला तिसरा रकाना, ‘ऱ्हास सुरू झाल्याचा दिनांक’, हा सगळ्यात महत्त्वाचा. तो काखेत मारून ते दारोदार फिरले.

पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. “त्या आजोबांना सलाईन लावलं तो दिवस. सुई बाहीवरून टोचली हो त्यांनी. मी त्याच दिवशी मनातून मालिका सोडली.”

“म्हणजे आता बघत नाही तुम्ही?”

“बघते की. रोज बघते. सलाईन काढलं का ते बघायला नको?”

दातांचे डॉक्टर म्हणाले, ऱ्हास जुळ्या भावापासून. पहिल्याचा सुळा जरा पुढे होता, याची बत्तिशी एका ओळीत. इमारतीच्या सेक्रेटरींनी सांगितलं की मालिका पहिल्या भागापासूनच टाकाऊ आहे. साहेबांनी त्यांना समजावलं की आधी चढ असल्याशिवाय उतार म्हणता येत नाही, तेव्हा निदान एखादा बरा भाग तरी त्यांनी सुचवावा. सेक्रेटरी म्हणाले, सुरुवातीचं गाणं बरं होतं, त्यानंतर उतरली.

शेवटी छातीचा कोट करून नोंदसाहेब शिवणवाल्या मावशींच्या दारात उभे राहिले. आत शिलाईचं मशीन, कापडाचे ढीग, आणि ढिगांच्या मधोमध त्यांची बायको विणत बसलेली.

“मालिकेला काही झालेलं नाही साहेब,” मावशी तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाल्या. “थोरलीचं तेवढं माप वाढलंय आणि हे लोक जुन्याच मापाने शिवतायत. काखेत ओढतं. बाकी सगळं ठीक.”

“आणि या बाईंचं मत?” साहेबांनी तक्त्यात बघत विचारलं.

“या बाईंचं मत तुमच्या घरी नोंदवलेलं आहे,” बायको म्हणाली. तिचा एक टाकाही चुकला नाही.

वर येताना जिन्यात नोंदसाहेबांना फार एकटं वाटलं. कुणाचाच दिनांक कुणाशी जुळत नव्हता. अशा तक्त्यावर कुठलाही वरिष्ठ सही करणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण त्यांच्याकडे अजून हुकमी एक्का होता, तो म्हणजे भाग दोनशे बारा.

भाग दोनशे बाराबद्दल ते प्रत्येक दारात बोलले होते. त्या भागात थोरली घर सोडून जाते. सासूसमोर किल्ल्यांचा जुडगा ठेवते आणि म्हणते, “या घरातलं प्रत्येक कुलूप मला ओळखतं. माणसं मात्र अजून विचारतात, कोण आलंय. किल्ल्या मोजून घ्या. आणि तेवढं कपाटाचं दार उजवीकडून जरा उचलून उघडा, नाहीतर अडकतं. मी गेल्यावर सांगायला कुणी नसेल.” नोंदसाहेबांनी भागाचा क्रमांक त्याच रात्री टिपून ठेवला होता आणि हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी ते सांगितलं तेव्हा नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता आणि डॉक्टर पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून बाहेर आले होते. असं लिहिणारी माणसं होती एकेकाळी, आणि आज जुळे भाऊ. तो भाग आणि आत्ताचा एखादा भाग लोकांना एकापाठोपाठ एक दाखवले की दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होणार होतं.

इमारतीच्या सभागृहाचा अर्ज सेक्रेटरींकडे मिळत असे. सभागृह तीनच कारणांसाठी मिळायचं: सर्वसाधारण सभा, आरोग्य तपासणी आणि शोकसभा. सर्वसाधारण सभेला एकवीस दिवसांची आगाऊ सूचना लागते. आरोग्य तपासणीला डॉक्टरची सही लागते, आणि दातांचे डॉक्टर म्हणाले की मालिकेच्या दातांपलीकडे आपण जबाबदारी घेणार नाही. नोंदसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि ‘शोकसभा’ या शब्दापुढे खूण केली.

“अहो साहेब, पण मेलंय कोण?” सेक्रेटरींनी विचारलं.

“एक चांगली गोष्ट होती, ती आता राहिली नाही. तिच्या आठवणीसाठी लोक जमणार. याला शोकसभा नाही तर काय म्हणायचं?”

सेक्रेटरींनी खडू उचलला. त्यांनी खालच्या फळ्यावर सूचना लिहिली: ‘शोकसभा. रविवारी सायंकाळी पाच वाजता. संयोजक: नोंदसाहेब.’ कशाबद्दल, ते लिहायला फळ्यावर जागा उरली नाही.

आता याच सुमारास संध्याकाळी साहेबांच्या घरातून एकट्या माणसाचा बोलण्याचा आवाज येतो, हे जिन्यावरून जाणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं होतं. वहिनी हल्ली साहेबांबरोबर दिसत नाहीत, हेही लोकांच्या लक्षात आलं होतं. लोक दोन आणि दोन पाच करायला नेहमीच तयार असतात. आपण सही नाकारल्यावर मालिकेचा कार्यक्रम बारगळला, असंच दातांच्या डॉक्टरांना वाटत होतं. रविवारी सकाळी ते फुलं घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“कधी झालं हो हे?”

“नक्की तारीखच निघत नाही,” साहेब म्हणाले. “जो तो वेगळी सांगतो.”

“आम्हाला काही कळलंच नाही.”

“हळूहळू होत गेलं डॉक्टर. मी रोज बोलत होतो, पण कुणी मनावर घेतलं नाही.”

“फार चांगल्या होत्या,” डॉक्टर भरल्या आवाजात म्हणाले. मालिकेलाही अहो-जाहो करणारा माणूस म्हणून साहेबांना त्यांच्याबद्दल आदर वाटला. इतक्यात आतून बायको हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “डॉक्टर, चहा टाकू?” डॉक्टर मटकन खाली बसले. मग उठले, फुलं तिच्या हातात दिली आणि दुसरं काही न सुचल्यामुळे वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन निघून गेले. तिच्या वाढदिवसाला अजून पाच महिने होते. तिने फुलं पाण्यात ठेवली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी फाईल चाळायला घेतली.

संध्याकाळी सभागृह भरलं. निम्मे लोक कोण गेलं ते कळावं म्हणून आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवालीने जुने भाग शोधून ठेवले होते आणि भिंतीवर चित्र पाडायची व्यवस्था केली होती. शेवटच्या रांगेत मावशींशेजारी येऊन बायको बसली, तेव्हा नोंदसाहेबांना हायसं वाटलं. आता तिच्या डोळ्यांदेखत सिद्ध होणार होतं. त्यांनी दीड पानी टिपण वाचलं, चष्मा काढला आणि कॉम्प्युटरवालीला मान हलवून इशारा केला.

भाग दोनशे बारा सुरू झाला. थोरली दाराआड उभी राहिली. घरातल्या सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले. मग थोरली परत दाराआड उभी राहिली. नोंदसाहेब पुटपुटले, “आता बघा.” विसाव्या मिनिटाला थोरली पुढे आली, तिने टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि म्हणाली, “या किल्ल्या.” ढगांचा गडगडाट झाला. सासूचा चेहरा तीनदा दिसला. थोरली निघून गेली आणि भाग संपला.

“कुलपांचं कुठे गेलं?” नर्सबाईंनी विचारलं.

“आणि कपाटाचं?” डॉक्टर म्हणाले. “मी कपाटासाठी आलो.”

कॉम्प्युटरवालीने एक भाग मागचा लावून बघितला, एक पुढचा. “काका, दोनशे बारा हाच आहे.”

सेक्रेटरी उभे राहिले. पहिल्यापासून ते याच क्षणाची वाट बघत असावेत. “मला वाटतं साहेब, नोंदच चुकली. चौतीस वर्षं अशाच केल्यात का हो?” सभागृहात हशा पिकला.

 नोंदसाहेबांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. बायकोने मान खाली घातली होती आणि तिच्या सुया थांबल्या होत्या. एवढं बघितल्यावर त्यांना ताटापलीकडचा तो आवाज आठवला, आणि कुलपांचं आणि कपाटाचं मुळात कुणी रचलं होतं ते कळलं. थोरली टीव्हीत कधी एवढं बोललीच नव्हती. ‘मला जसं कळवण्यात आलं तसं नमूद केलं’ हे वाक्य त्यांनी नोकरीत शेकडो वेळा लिहिलं होतं आणि दर वेळी त्याने त्यांना वाचवलं होतं. आत्ताही ते जिभेवर होतं. फक्त बोलायचं बाकी होतं.

“नोंद माझीच चुकली,” नोंदसाहेब म्हणाले. “मालिका पहिल्यापासून अशीच आहे. मी तक्रार मागे घेतो. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा.”

लोक आणखी हसले. साहेब कागद गोळा करू लागले, पण ते नीट जुळत नव्हते. तेव्हा मागून बायकोचा आवाज आला.

“यांची नोंद चुकलेली नाही. यांना ते मी सांगितलं होतं.” ती उभी राहिली होती. “हे दमून यायचे. मान खाली घालून जेवायचे. किल्ल्या ठेवल्या आणि गेली, एवढंच सांगितलं असतं तर मान वर झाली नसती. म्हणून थोडं घालायची मी.”

“थोडं म्हणजे किती?” मावशींनी विचारलं.

“पहिल्या महिन्यात चिमूटभर. मग हात सैल होत गेला.”

“मग काकू, तेवढं तुम्हीच म्हणा की,” नर्सबाई म्हणाल्या. “साहेब म्हणतात ते नोटीस वाचल्यासारखं वाटतं.”

ती आधी नको म्हणाली. मग विणकाम खुर्चीवर ठेवून, भिंतीवरच्या रिकाम्या उजेडाकडे बघत तिने हळू आवाजात सगळं म्हटलं. कुलपांचं म्हटलं, किल्ल्यांचं म्हटलं. कपाटाचं दार उजवीकडून जरा उचलून उघडा, असं ती म्हणाली आणि नोंदसाहेबांच्या हातातले कागद तसेच राहिले. ते कपाट त्यांच्या घरातलं होतं. त्याचं दार तीस वर्षं अडकत होतं, आणि शर्ट हवा असला की ते रोज सकाळी तिथूनच हाक मारायचे, “अगं, हे उघड जरा.” ती वाक्यं त्यांनी इमारतभर दारोदार सांगितली होती आणि एकदाही त्यांच्या हे डोक्यात आलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली आणि त्याहून जास्त तिचं वाईट वाटलं. सभागृहात कुणी हसत नव्हतं. सेक्रेटरीसुद्धा बसले होते.

घरी आल्यावर साहेबांनी फाईल टेबलावर ठेवली. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

“ते आजोबा आगीतून मांजर वाचवतात ते?”

“मी.”

“मालिकेतला तो डॉक्टर थोरलीची माफी मागतो ते?”

“कसली माफी. तो दुसऱ्या दिवशी परदेशी गेला.”

“आणि थोरली नदीवर बसून रात्रभर...”

“त्या दिवशी वीज गेली होती. मालिका झालीच नाही.”

नोंदसाहेब कपाटासमोर उभे राहिले. “मग हे कपाटाचं मला सरळ का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं की, दोन-तीनदा. तुम्ही म्हणालात, सुताराला बोलवू.” तिने चादर झटकली. “थोरलीच्या तोंडून सांगितलं त्या दिवशी मात्र तुम्ही घास खाली ठेवलात आणि ‘बिचारी’ म्हणालात. मला तेवढं पुरलं.”

दुसऱ्या दिवशी सव्वासातला नोंदसाहेबांनी पायांत चपला घातल्या आणि म्हणाले, “मी जरा फिरून येतो. तू बघ.” ती विणकामाची पिशवी घेऊन आपल्या खुर्चीत बसली. साहेबांनी इमारतीभोवती अकरा फेऱ्या मारल्या. दर फेरीला आपल्या खिडकीतून तो गडगडाट ऐकू आला आणि एकदाही त्यांनी त्यावर मत दिलं नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी ते वर आले, हात धुऊन ताटावर बसले आणि मान वर करून म्हणाले, “काय झालं गं आज?”

ती बोलायला तोंड उघडणार तोच दारावरची घंटा वाजली. दारात शिवणवाल्या मावशी होत्या, त्यांच्या मागे नर्सबाई आणि त्यांच्याही मागे दोन पायऱ्या खाली दातांचे डॉक्टर.

“आम्ही आजचा भाग पाहिला,” मावशी म्हणाल्या. “आता काय झालं ते सांगा.”

नोंदसाहेबांनी त्यांना आत घेतलं आणि बसायला जागा व्हावी म्हणून आपलं ताट जरा बाजूला सरकवलं.